बापूंचा माणूस वर जातो

बापू माझ्या आयुष्यात आले ते दार न वाजवता आणि बूट न काढता.

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या आमच्या वसाहतीतली घरं इतकी एकसारखी आहेत की बिल्डरनं एकच घर बांधलं असावं आणि बाकीच्यांच्या झेरॉक्स काढल्या असाव्यात. एका ओल्या सकाळी फिरून परतलेला एक धिप्पाड म्हातारा आमच्या उघड्या दारातून थेट आत आला, सोफ्यावर बसला, रिमोट हातात घेतला आणि आतल्या दिशेनं गरजला, "माधुरी, चहा मांड वं!"

मी धावत बाहेर आलो. म्हाताऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमी कोन? अन् आमच्या घरात काय करून राहिले?"

प्रश्न एवढ्या जरबेचा होता की मी मुकाट बाहेर गेलो, दारावरचा नंबर वाचला, तो आमचाच असल्याची खात्री केली आणि आत आलो. तोवर म्हाताऱ्याच्या हातात चहाचा कप होता. माझ्या बायकोनंच दिलेला. तिचं म्हणणं, समोरचा माणूस ज्या हक्कानं बसला होता ते पाहता घर त्याचंच असणार, आपण कधीतरी चुकून राहायला आलो असू.

तर हे बापू. आमच्यापासून तीन घरं सोडून राहणाऱ्या माधुरीचे वडील. यवतमाळकडच्या एका गावाहून लेकीकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. आता मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं बापूंनी सांगितलेलं आहे आणि निम्मं माझं आहे. कुठलं कुणाचं, ते आता मलाही वेगळं काढता येत नाही.

बापूंचा धंदा विहिरी खणायचा. काळ्या पाषाणात सुरुंग भरायचे, बार उडवायचे, फुटलेला दगड यारीनं वर ओढायचा. यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभी केलेली लोखंडी उचलणी. तिच्या दोराला बादली. दगड त्या बादलीतून वर येणार आणि माणसं त्याच बादलीत उभी राहून खाली जाणार. बापू एका विहिरीत एवढे खोल गेले होते म्हणे, की खालून कुणीतरी वेगळ्याच भाषेत "वर कोण आहे?" असं विचारलं. तेव्हा त्यांनी काम थांबवलं. "दुसऱ्याच्या घरात कायले घुसाचं?" (हे त्यांनी माझ्याच सोफ्यावर बसून सांगितलं.)

अशा माणसाला आयर्लंडमध्ये आणून ठेवणं हा त्याच्या कलेचा अपमानच होता. इथं पाणी शोधावं लागत नाही, चुकवावं लागतं. तरी बापूंना राहवेना. त्यांनी एक नारळ पैदा केला, तळहातावर आडवा ठेवला आणि वसाहतीतून डोळे मिटून चालू लागले. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, अशी त्यांची पद्धत. नारळ आमच्या दारात उभा राहिला. कोपऱ्यावर उभा राहिला. बसस्टॉपवर उभा राहिला. शेवटी बापूंनी त्याला हातानं आडवा केला, तर तो पुन्हा ताठ. "याचं डोस्कं फिरलं," असं म्हणून बापूंनी तो फोडला आणि माधुरीनं त्याच्या वड्या केल्या. त्या वड्यासुद्धा ताटात उभ्या राहिल्याचं मी ऐकून आहे.

एवढा गडी, पण वर जायचं नाव काढलं की लोण्यासारखा विरघळायचा. शहरात जाताना बसच्या वरच्या मजल्यावर बसू म्हटलं तर बापू ड्रायव्हरच्या पाठीशी दांडा धरून उभे. लेकीच्या घरात वरच्या खोलीतला मऊ पलंग सोडून खाली टीव्हीसमोर गादी टाकून झोपायचे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथं 'प्रेस' म्हणतात. त्या प्रेसच्या वरच्या फळीवरची बरणी हवी असली तर पासष्ट किलोची माधुरी स्टुलावर चढणार आणि बापू खाली उभे राहून तिला धरण्याऐवजी स्टुलालाच धरणार.

"बाबा, तुम्ही ऐंशी फूट विहिरीत उतरायचात ना?"

"खाली उतरनं येगळं, माय. खाली जमीन असते."

मग विमानानं आले कसे? आले, कारण काय असतं ते ठाऊक नव्हतं. येताना समुद्रावर कुठंतरी विमान हवेच्या खड्ड्यात सापडलं आणि दणकन खाली आलं. हवाईसुंदरीच्या हातातला ट्रे तिच्या हातात राहिला, पण ट्रेवरचं सगळं छतावर गेलं. बापूंच्या शेजारचा गोरा घळाघळा रडला आणि त्यानं बापूंच्या गळ्यात हात टाकले. बापूंनी त्याला थोपटलं. पण डब्लिनला उतरल्या उतरल्या त्यांनी जमिनीला हात लावून शपथ घेतली, की पुन्हा इमानात पाय ठेवणार नाही.

इथवर सगळी गंमत होती. पण व्हिसा संपत आला, परतीचं तिकीट जवळ आलं आणि बापू ढिम्म हलेनात.

"मी बोटीनं जातो."

"बाबा, बोट जात नाही तिकडे."

"मंग पायी जातो. रस्ता तं असनच."

आणि तिकडे त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, वेगळाच खुंटा ठोकला होता. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन ठरवायचं, डॉक्टर तयार, नागपूरचा मुलगा तयार, पण बाई तयार नाहीत. मलाही एकदा त्यांचा आवाज माधुरीच्या फोनवर स्पीकरवरून ऐकू आला होता, आणि फोन नसता तरी आला असता. "ते आल्याबिगर मी टेबलावर चढनार नाई. मले सुईचं भेव वाटते. ते हात धरतीन तवाच." भिंतीला धरून धरून बाई घरात चालत होत्या. एकदा न्हाणीघरात पडल्याही. त्या दिवशी बापू जेवले नाहीत. दिवसभर परसदारी येरझाऱ्या घातल्या, लेकीनं तिकिटाचं नाव काढताच उठून दुसऱ्या खोलीत गेले. जायचं तर होतं. पण पाय उचलत नव्हता.

आता डेक्लनकडे वळू. बापूंच्या परसाला लागून जी बुटकी भिंत, तिच्या पलीकडे हा राहायचा. निवृत्त लॉरी ड्रायव्हर, एकटा. जन्मभर लॉरी हाकून हौस फिटली नाही म्हणून म्हातारपणी अंतराळाचा नाद लावून घेतलेला. शेडमध्ये भलीमोठी दुर्बीण. आयर्लंडच्या आभाळाची कृपा अशी, की त्या दुर्बिणीतून डेक्लननं ढगांचे जितके प्रकार पाहिले तितके ढगांनाही ठाऊक नसतील. बापू वऱ्हाडीत बोलायचे, डेक्लन डब्लिनच्या इंग्रजीत. एकमेकांचं अवाक्षर कळत नसल्यामुळे त्यांचं कधी भांडण झालं नाही. डेक्लन प्रत्येक गोष्टीला 'ग्रँड' म्हणायचा. तब्येत कशी? ग्रँड. पाऊस? ग्रँड. बापूंनी एकदा जावयाला विचारलं, "याचं घर एवढंसं, गाडी एवढीशी, अन् सारं भव्य कसं काय हो?"

हा जावई पराग. पुण्याचा, सँट्रीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर. शब्दाला शब्द जुळला की त्याचं काम झालं. त्याच्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

सोमवारची दुपार होती. दोन सरींच्या मधल्या फटीत माधुरीच्या परसात आम्ही कपडे वाळत घालत होतो. भिंतीवरून डेक्लनचं लालबुंद डोकं उगवलं.

"युअर मॅन्स गोइंग अप ऑन थर्सडे!"

"काय म्हनते?" बापूंनी विचारलं.

पराग चिमटा लावता लावता म्हणाला, "म्हणतोय, तुमचा माणूस गुरुवारी वर जाणार आहे."

बापूंच्या हातातली चादर गळून पडली.

"माहा मानूस? कोन? सुमनचं तं सकाळीच बोलनं झालं!"

डेक्लनला वाटलं, भाषेची अडचण आहे. त्यानं दोन्ही तळहात जोडले, बोटं आभाळाकडे केली, तोंडानं 'फूऽऽऽ' असा आवाज काढला आणि जोडलेले हात अलगद वर वर नेले. चेहऱ्यावर अपार आनंद. ते पाहून बापू ओल्या गवतात मटकन बसले. माधुरी पाणी घेऊन धावली, मी वहाणेनं वारा घातला, आणि डेक्लन भिंतीवरून "इज ही ऑल राइट?" असं विचारत पुन्हा पुन्हा आभाळाकडे बोट दाखवत राहिला.

उलगडा व्हायला अर्धी दुपार गेली. रशियाचं एक यान गुरुवारी तीन अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर जाणार होतं. बस, एवढंच. आणि आयरिश माणूस कुठल्याही तिसऱ्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतो. दूध टाकणाऱ्याला, मंत्र्याला, टीव्हीवरच्या चोराला, सगळ्यांनाच. त्यात 'तो अमुक' यापलीकडे अर्थ नसतो. हे मला ठाऊक होतं. पण सत्य सांगायची मला कधीच घाई नसते, आणि बापूंचा रंग परत येत होता.

"म्हंजे मरून नाई राहिला कोनी?"

"नाही बापू."

"अन् तो वर जाऊन राहिला, तो माहा मानूस हाय?"

पराग तोंड उघडणार, एवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

डेक्लननं फोनवर तिघांचा फोटो दाखवला. मधला यानाचा प्रमुख, रुंद खांद्यांचा, भुवया अशा की त्यांत चिमण्यांनी घरटं करावं. बापू फोटोकडे बघतच राहिले. "हा तं सदू हाय! आमचा सदाशिव!" सदाशिव म्हणजे बापूंच्या यारीवरचा माणूस. बापू खाली आणि सदाशिव वर, दोर हातात घेऊन. त्या रशियनाचं खरं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेला वळेना, त्यामुळे तोही सदूच झाला.

पुढचे तीन दिवस बापूंनी सदूची तयारी केली. म्हणजे आमचं डोकं खाल्लं.

"भाऊ, त्या डब्यात तिघं मावतीन कसे?" मला विचारलं. मी आयुष्यात रॉकेट जवळून पाहिलेलं नाही, पण न अडखळता सांगितलं, की पाठीवर झोपून, गुडघे छातीशी घेऊन. योगायोगानं ते खरं निघालं. डेक्लननं चित्र दाखवलं.

"बाप्पा! म्हंजे आमच्या बादलीवानीच. एकाले खोकला आला तं तिघंबी खोकलतीन."

रॉकेटवर पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. यारी उभी केली की तेही नारळ फोडायचे. बसमधून रॉकेटकडे जाताना वाटेत थांबून चाकापाशी लघवी करायची जुनी प्रथा आहे, हे डेक्लननं अभिनयासकट सांगितलं. त्याचं भाषांतर लागलंच नाही. "घाटात आमीबी थांबतो," बापू म्हणाले. "शहाने लोक हायत."

बुधवारी चहा पिता पिता त्यांनी कुणीही न विचारता जाहीर केलं, "सदू जर का त्या स्टेशनात बराबर पोचला, तं मी इमानात बसतो."

माधुरीनं कप खाली ठेवला. "शब्द?"

"शब्द."

तिकीट रविवारचं होतं. तिनं त्याच क्षणी बॅग काढली आणि पराग, ज्यानं आयुष्यात कधी देवाला नमस्कार केला नाही, तो रॉकेट उडतं तिथल्या हवामानाची चौकशी करू लागला.

गुरुवारी दुपारी सगळे डेक्लनच्या बैठकीत. त्यानं पडदे ओढले होते, सोडा ब्रेड कापून ठेवला होता. माधुरीनं शिऱ्याचं पातेलं आणलं होतं. पडद्यावर रशियाची यानं जिथून उडतात ते कझाकस्तानचं सपाट माळरान, त्यावर करड्या रंगाचं रॉकेट. आत तिघं झोपलेले, समोर एक छोटं कापडी अस्वल दोरीला टांगलेलं. बापूंनी हात जोडले. "गाडीत लिंबू-मिर्ची बांधली तं बरं झालं."

उलटी गणती सुरू झाली. डेक्लन मोठ्यानं मोजू लागला. माधुरीनं माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी बोटाला कायमची चिकटली, अजून निघत नाही.

आणि सगळं थांबलं.

ना धूर, ना आग. रॉकेट जिथल्या तिथं. निवेदकाचा आवाज बदलला. डेक्लननं डोकं धरलं. "स्क्रब्ड," तो म्हणाला. "दे'व्ह स्क्रब्ड इट."

"काय घासलं?" बापू म्हणाले. "ऐन वेळेवर घासत काऊन बसले?"

परागनं समजावलं. यंत्राला काहीतरी खटकलं म्हणून त्यानंच उड्डाण थांबवलं. माणसं सुखरूप आहेत. सगळं ठीक झालं तर शनिवारी पुन्हा.

शिरा गार होत होता. माधुरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती काय विचार करते आहे. रविवार गेला. व्हिसा गेला. आई पुन्हा भिंतीला धरून धरून चालणार. आता बाबा म्हणणार, बघा, एवढे मोठे रशियन, त्यांचंसुद्धा उडालं नाही, मग मला कुठे धाडता?

पण बापू पडद्याकडेच बघत होते. "सदूले बाहेर काढलं का?"

बऱ्याच वेळानं काढलं. तिघं शिडीवरून हळूहळू खाली आले. सदू शेवटी उतरला. हात हलवला, पण हसला नाही.

"आमचाबी एकदा बार फुसका गेला होता," बापू म्हणाले. कुणाकडे पाहून नाही, असंच. "सुरुंग भरला, वात पेटवली, वर आलो. वाट पाह्यतो, वाट पाह्यतो, आवाजच नाई. आता तो बार मेला का झोपला, वरून कसं समजन? त्या रोजी कोनी उतरत नाई. पन दुसऱ्या रोजी कोनाले तरी उतराच लागते ना. मी उतरलो."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"सारा गाव म्हने, बापूले भेव मालूमच नाई. मीबी म्हनू देलं." ते थांबले. "अरे, पाय असे लटलट करत होते. बादलीची कडी धरली तं कडी वाजे, एवढे हात हालत. वरून यारीवरच्या सदूले वाटलं, मी भजन म्हनून राहिलो, तं तोही वरून ताल धरे."

डेक्लनला काहीच कळलं नव्हतं, तरी तो हसला नाही.

"पहिल्या बारीले उतरनं काई नसते, भाऊ. तवा खाली काय हाय ते मालूमच नसते. दुसऱ्या बारीले जे उतरनं असते ना..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता हा शनवारी बसते का नाई, ते मले पाह्याचं हाय."

माधुरी खिडकीपासून वळली. वडिलांना भीती वाटते, हे ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. ती शिरा गरम करायला घेऊन गेली आणि बराच वेळ गरम करत बसली.

शुक्रवारी परागच्या सचोटीनं उचल खाल्ली. शनिवारी काही बिनसलं तर म्हाताऱ्याला उगाच घरच्या माणसाचं दुःख नको, म्हणून त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. "बापू, 'युअर मॅन' म्हणजे तुमचा माणूस नव्हे. इथं कुणालाही तसं म्हणतात. ज्याला ओळखतही नाहीत त्यालासुद्धा."

बापूंनी बराच विचार केला.

"ज्याले ओळखत नाई त्यालेबी 'तुहा मानूस' म्हनतात?"

"हो."

"मंग चांगले लोक हायत ना हे, जवाई! आपल्याकडं सख्ख्या भावाले म्हनत नाईत." आणि मग थोडं रागावून, "अन् डेक्लननं म्हटलं म्हनून थोडाच तो माहा हाय? मी केला म्हनून हाय."

शनिवारी पुन्हा सगळे तिथंच, पण ब्रेडला कुणी हात लावला नाही. कॅमेऱ्यानं शिडी दाखवली. तिघं चढले. सगळ्यांत वरच्या पायरीवर सदू थांबला, वळला आणि हात हलवला. यावेळी तो हसला. मला तरी तसं दिसलं. डेक्लनचं म्हणणं, हेल्मेटमधून एवढं दिसत नाही. बापू म्हणाले, "बसला." एवढंच.

मग गणती झाली, आणि ती संपली, आणि माळरानावर उजेडच उजेड झाला. डेक्लनच्या टीव्हीचा आवाज एवढा होता की पार देशाच्या दुसऱ्या टोकाला लिमरिकच्या गाई बुजल्या असतील. रॉकेट आधी तसूभर, मग हातभर, मग बघता बघता बोटाएवढं झालं. आत कापडी अस्वल थरथरत होतं. बापूंनी सोफ्याचे दोन्ही हात धरले होते आणि ते रॉकेटबरोबर मागे मागे रेलत चालले होते. थोड्या वेळानं दोरीला टांगलेलं ते अस्वल एकाएकी सैल झालं आणि तरंगू लागलं, म्हणजे यान अंतराळात पोचलं. डेक्लन उडी मारून उठला. बापूही उठले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघेही आपापल्या भाषेत ओरडले. दोघांचाही शब्द मला समजला नाही, कारण त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मीच ओरडत होतो.

संध्याकाळी यान स्थानकाला जोडलं गेलं. झाकण उघडलं आणि सदू डोकं पुढे करून, माशासारखा पोहत आत शिरला. आतल्या लोकांनी त्याला धरून घेतलं. "पोचला," माधुरी म्हणाली, आणि वडिलांकडे पाहू लागली.

पण डेक्लन घड्याळ बघून सगळ्यांना परसात हाकलत होता. आत्ता, अगदी आत्ता, ते स्थानक आमच्या डोक्यावरून जाणार होतं. आभाळात नेहमीप्रमाणे ढगांची गोधडी. पण सांगतो ते खरं माना, त्या संध्याकाळी पश्चिमेकडे गोधडीला एक फाटका तुकडा होता, आणि त्या तुकड्यातून एक पांढरा ठिपका निघाला. लुकलुकत नव्हता, सरळ आपल्या वाटेनं चालला होता. डेक्लननं टोपी काढली. एवढ्या वर्षांत त्याला तो पहिल्यांदाच दिसला असावा, कारण दुर्बीण शेडमध्येच विसरून तो नुसता मान वर करून उभा होता.

बापूंनीही मान वर केली होती. बसच्या वरच्या मजल्यावर न चढणारा माणूस बिनदिक्कत आभाळात बघत होता. ठिपका ढगात गेला तेव्हा म्हणाले, "माधुरी, बॅगेत माहा स्वेटर वरच ठेवजो. इमानात गारठा असते."

रविवारी डब्लिन विमानतळावर आम्ही सगळे. डेक्लनसुद्धा, कोट घालून. बापूंचा चेहरा राखेसारखा. हात खिशात, कारण ते हलत होते. जिथून पुढे फक्त प्रवाशांना सोडतात, तिथं ते थांबले आणि परागला बाजूला घेतलं.

"जवाई, 'मले भेव लागते, पन मी जातो' याले इंग्रजीत काय म्हनतात?"

परागनं सांगितलं. यावेळी शब्दाला शब्द लावून, आणि यावेळी ते अगदी बरोबर होतं.

बापू पास तपासणाऱ्या बाईसमोर जाऊन ताठ उभे राहिले. "आय ॲम अफ्रेड," ते गरजले. सगळी रांग वळली. "बट आय गो!"

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. पास घेतला, लावला, परत दिला. "मी टू, लव्ह," ती म्हणाली. "एव्हरी टाइम. कम ऑन थ्रू."

बापू गेले. बॅग ओढत, हळूहळू, जमीन चाचपल्यासारखं एकेक पाऊल टाकत. आमच्या बाजूनं त्यांची पाठ दिसत होती, स्वेटर, मानेवरची पांढऱ्या केसांची कड. तपासणीच्या पट्ट्यापाशी बूट काढायला सांगितले तेव्हा खाली वाकले. मग बूट हातातच घेऊन पुढे चालू लागले आणि कोपऱ्यावर वळले.

माधुरीच्या हातातला फोन मघापासून चालूच होता. पलीकडे सुमनबाई.

"गेले का?"

"आत गेले, आई."

"मागं पाह्यलं का त्यायनं?"

माधुरीनं कोपऱ्याकडे पाहिलं. "नाही."

"मंग गेले," बाई म्हणाल्या. "मागं पाह्यलं असतं तं परत आले असते." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ठेव आता फोन. त्या डॉक्टरले तारीख इचारून घेते."